जीपीएस कधी चुकत नाही म्हणे!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त घरगुती आहे, पण विषय घरापुरता राहिलेला नाही, म्हणून इथे मांडतो.

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका बारशाला आम्ही सगळे जमलो होतो. जेवणं झाली, पानाचं तबक फिरलं आणि गप्पा रस्त्यांवर आल्या. येताना कोण कुठे चुकलं, कोणाला मोबाईलच्या नकाशाने थेट शेताच्या बांधावर नेऊन सोडलं, वगैरे. त्यावर आमचा भाचा (कंप्युटरमध्ये आहे, हुशार आहे, आणि तो हे वाचणार आहे हेही मला ठाऊक आहे) म्हणाला, "मामा, जीपीएस कधी चुकत नाही. माणूस चुकतो." लगेच पलीकडून आमचे एक व्याही उसळले, "काही सांगू नका! तुमच्या त्या जीपीएसने माणसं पाण्यात नेऊन घातली. पेपरात आलं होतं." झालं, दोन पक्ष पडले आणि बाळाचं नाव बाजूला राहिलं.

मी गप्प बसलो होतो. एक तर तोंडात पान होतं, आणि दुसऱ्याच्या घरी शुभकार्यात मास्तरकी करू नये एवढं वयामुळे कळायला लागलं आहे. पण ३४ वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला किती दिवस गप्प बसवणार? तेव्हा आज बोलतो. माझ्या मते भाचाही चूक आणि व्याहीही चूक. दोघांची चूक एकाच जागी आहे. दोन अगदी वेगळ्या गोष्टींना दोघंही "जीपीएस" हे एकच नाव देतात.

"मी कुठे आहे?" हा एक प्रश्न आणि "पुढचा रस्ता कसा आहे?" हा दुसरा प्रश्न. आकाशातले उपग्रह फक्त पहिल्याचं उत्तर देतात, तेही अंदाजे. दुसऱ्याचं उत्तर त्यांना माहीतच नसतं. आपल्या हातातलं यंत्र मात्र दोन्ही उत्तरं एकाच पडद्यावर, एकाच ठाम आवाजात देतं. माझं भांडण त्या ठाम आवाजाशी आहे.

आधी पहिला प्रश्न घेऊ.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि दिवसातून साधारण दोन फेऱ्या मारतात. ते आपल्याला पाहत नाहीत, आपला पत्ता ओळखत नाहीत. पुष्कळांना अजून वाटतं की वरून कोणीतरी आपल्या गाडीवर नजर ठेवून आहे. तसं काही नाही. प्रत्येक उपग्रह फक्त "मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत" एवढंच सतत सांगत असतो. तो निरोप आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला यावरून आपला मोबाईल अंतर काढतो. एका उपग्रहापासूनचं अंतर कळलं तर आपण एका मोठ्या गोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी असतो, दुसरं कळलं तर दोन गोल छेदतात त्या वर्तुळावर, आणि तिसरं कळलं की दोनच जागा उरतात. त्यातली एक आकाशात असते, ती सोडून द्यायची. मग चौथा उपग्रह कशाला? तर आपल्या मोबाईलमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्याची चूक काढायला. उपग्रहावर अणुघड्याळं असतात. ती आपल्या खिशात मावत नाहीत आणि परवडतही नाहीत.

हे घड्याळाचं प्रकरण किती नाजूक आहे पाहा. सेकंदाचा दहा लाखावा भाग जरी इकडेतिकडे झाला तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ते दुरुस्त केलं नसतं तर एका दिवसात १० किलोमीटरहून जास्त चूक साठली असती. हे सगळं सांभाळून आपल्याला काही मीटरपर्यंत जागा सांगता येते, हा मानवी बुद्धीचा मोठाच पराक्रम आहे. तेव्हा "हे सगळं बोगस आहे" म्हणणाऱ्या व्याह्यांना माझा नम्र विरोध. ज्या माणसांनी हे उभं केलं त्यांच्यापुढे मी हात जोडतो.

आता हे "काही मीटर" म्हणजे किती? अमेरिकन सरकारच्या जीपीएसच्या अधिकृत माहितीत साध्या स्मार्टफोनसाठी दिलेला आकडा आहे ४.९ मीटर. पण त्याला एक अट जोडलेली आहे, आकाश मोकळं असलं पाहिजे. सदाशिव पेठेतल्या बोळात आकाश मोकळं असतं का? गिरगावातल्या चाळीत असतं का? उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की भिंत, स्लॅब, पावसाने भिजलेली दाट झाडी, सगळं त्याला अडवतं. उंच इमारतींमध्ये तो भिंतींवर आपटून आपल्याकडे येतो. डोंगरात हाक मारली की प्रतिध्वनी उशिरा येतो, तसंच हे. उशीर झाला की यंत्राला वाटतं अंतर जास्त आहे, आणि आपलं टिंब शेजारच्या गल्लीत जाऊन बसतं. घराच्या आत तर मोबाईल बऱ्याचदा उपग्रहाऐवजी आसपासच्या वायफायवरून आणि मोबाईल टॉवरवरून जागा ठरवतो. म्हणजे ज्याला आपण जीपीएस म्हणतो ते त्या वेळी जीपीएस नसतंही.

नवे फोन याबाबतीत खूप सुधारले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बैदू यांचेही उपग्रह ते ऐकतात. २०१८ पासून दोन वेगवेगळ्या वारंवारितांवर ऐकणारे फोनही आले आहेत, त्यांना प्रतिध्वनी ओळखायला सोपं जातं. पण मोकळ्या आकाशाची अट सुटलेली नाही.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. नकाशावर आपलं निळं टिंब असतं ना, त्याच्याभोवती कधीकधी एक फिकट निळं वर्तुळ दिसतं. ते कशासाठी असतं, हे मी बारशाहून आल्यावर घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना विचारलं. कोणी म्हणालं शोभेचं आहे. कोणी म्हणालं रेंज दाखवतं. आमची नात म्हणाली, "आजोबा, ते लोडिंग होतंय." खरं उत्तर कोणालाही आलं नाही. खरं उत्तर असं की आपण त्या वर्तुळात कुठेही असू शकतो. टिंब हा फक्त यंत्राचा सगळ्यात बरा अंदाज आहे. यंत्राची खरी कबुली त्या वर्तुळात आहे.

आणि ती कबुलीही पुरती नाही बरं का! अँड्रॉइड फोनमध्ये या वर्तुळाची त्रिज्या अशी ठरवतात की आपण त्याच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे दर १०० वेळांपैकी ३२ वेळा आपण त्या वर्तुळाच्याही बाहेर असणं हे यंत्राच्या लेखी अगदी रास्त आहे. हे भाच्याच्याच क्षेत्रातल्या लोकांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, माझ्या पदरचं नाही. शाळेत ६८ गुण मिळवणाऱ्या मुलाला मी पहिल्या वर्गात पास करत असे, पण "हा कधी चुकत नाही" असं त्याच्या प्रगतिपुस्तकावर कधी लिहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, दहा-पंधरा मीटरने काय बिघडतं? बहुतेक वेळा काहीच नाही. पण कधी बिघडतं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पहाटे सौ. न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं होतं, हे नंतर कळलं. त्या वेळी तिला हलवता येत नव्हतं एवढंच दिसत होतं. मुलाने फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली आणि तिकडच्या माणसाने सांगितल्याप्रमाणे मोबाईलवरून लोकेशन पाठवलं. आमच्या घराच्या मागे एक नाला आहे, फार तर दहा-बारा मीटर रुंद. पाठवलेलं टिंब नेमकं नाल्याच्या पलीकडच्या काठावर पडलं. ॲम्ब्युलन्स वेळेत आली, पण पलीकडे! मागच्या खिडकीतून तिचा लाल दिवा आम्हाला दिसत होता. चालकाला आमची खिडकी दिसत होती. मध्ये नाला. पुलावरून वळसा घालून यायला त्याला रस्ता शोधत पाव तास लागला. त्या पाव तासात मी तिच्या डोक्याखाली उशी धरून बसलो होतो आणि ती मलाच "होईल नीट" म्हणून धीर देत होती. तिचं हाडच मोडलं होतं म्हणून निभावलं. शस्त्रक्रिया झाली, आज ती काठी घेऊन का होईना फिरते आणि हा लेख लिहिताना मागे उभी राहून सूचना करते आहे. पण हृदयविकाराचा झटका असता तर?

यात चूक कोणाची? चालकाची नाही, तो टिंबाकडे आला. मुलाची नाही, त्याने सांगितलं ते केलं. उपग्रहाचीही नाही, घरात बसून एवढा अंदाज येणं हीच कमाल. चूक अशी की लोकेशन पाठवताना टिंब गेलं आणि वर्तुळ इथेच राहिलं. "मी अमुक ठिकाणी आहे, पण पंचवीस-तीस मीटर इकडेतिकडे असू शकतो" एवढं एक वाक्य टिंबाबरोबर गेलं असतं तर चालकाने फोन करून "नाल्याच्या अलीकडे का पलीकडे?" असं विचारलं असतं. आम्हीही पत्ता आणि खूण सांगायला हवी होती, ही आमची चूक मी कबूल करतो. पण तशा वेळी ते सुचत नाही, आणि टिंब दिलं की सगळं दिलं असं आपण धरून चालतो.

चालत्या गाडीत तर यंत्र आणखी एक गंमत करतं. उपग्रहाने दिलेली जागा कधी रस्त्याच्या बाजूला दुकानात पडते, कधी दुभाजकावर. मग यंत्र विचार करतं की गाडी आहे म्हणजे रस्त्यावरच असणार, आणि टिंब उचलून जवळच्या रस्त्यावर ठेवतं. बोगद्यात शिरलं की संदेश बंद होतो, तरी टिंब पुढे सरकत राहतं, मागचा वेग पुढेही असेल असं धरून किंवा फोनमधल्या दुसऱ्या साधनांच्या आधाराने. हे सोयीचं आहे, मी नाकारत नाही. पण त्यामुळे दिसायला सगळं अगदी काटेकोर दिसतं आणि आपला विश्वास भलताच वाढतो. मुंबईत जे. जे. उड्डाणपुलावर तुम्ही आहात की खाली मोहम्मद अली रोडवर, हे त्याला नीट सांगता येत नाही, कारण नकाशावर दोन्ही एकाच रेषेत आहेत आणि उंचीच्या बाबतीत हे यंत्र आणखी कच्चं आहे.

उंचीचा विषय निघालाच आहे तर ट्रेकला जाणाऱ्या नातवंडांसाठी एक टीप. उपग्रहावरून मिळणारी मूळ उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजलेली असते. आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या गणिती पृष्ठभागाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. काही यंत्रं आणि ॲप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. न करणारं यंत्र जुहूच्या वाळूत उभं राहून पाहिलंत तर तुम्ही समुद्राखाली साठ मीटर आहात असं सांगेल. तेव्हा कळसूबाईच्या माथ्यावर फोनने १६४६ मीटर दाखवले नाहीत म्हणून शिखर खचलं असं घरी येऊन सांगू नका.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माणसं दगावली ती इथे.

जानेवारी २०२१. अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात पुण्याहून ट्रेकसाठी निघालेल्या मंडळींची गाडी पाण्यात गेली. नकाशाने दाखवलेल्या रस्त्यावर पूल होता, पण धरणाचं पाणी चढल्यामुळे तो पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा तरुण बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. पुराने पुलाचा एक भाग वाहून गेलेला होता, आणि अडथळा लावलेला नव्हता. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर नकाशा-कंपनीच्या अधिकाऱ्यावरही पोलिसांनी गुन्हा नोंदवला. हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत ऑगस्ट २००९ मध्ये एक आई आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा असेच वाळवंटात भरकटले. गाडी वाळूत रुतली, आणि मदत पोचेपर्यंत मुलगा गेला होता. त्या भागातल्या यंत्रांच्या नकाशांत वापरातून गेलेले जुने रस्ते तसेच राहिले होते. तिथले वनरक्षक अशा मृत्यूंना "जीपीएसमुळे आलेला मृत्यू" म्हणायला लागले.

आता या घटना पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवर लावून पाहा. कोतूळला टिंब चुकलं होतं का? नाही. गाडी पुलाच्या दिशेने चालली आहे हे टिंब बरोबर सांगत होतं. बरेलीला? तिथेही बरोबर. उपग्रहांनी आपलं काम चोख केलं. पण पूल पाण्याखाली आहे, पूल अर्धा आहे, ही बातमी उपग्रहाकडे नसते. ती गावातल्या पोराकडे असते, टपरीवाल्याकडे असते, पाटबंधारे खात्याच्या कर्मचाऱ्याकडे असते. म्हणजे व्याही म्हणतात तसं जीपीएसने मारलं नाही. आणि भाचा म्हणतो तसं "माणूस चुकला" म्हणून हात झटकणं मला त्याहून निर्दयपणाचं वाटतं. अनोळखी मुलूख, मिट्ट काळोख, फलक नाही, अडथळा नाही, आणि हातातलं यंत्र सांगतंय सरळ जा. त्या मुलाने काय करायला हवं होतं? गेलेल्या माणसावर खापर फोडणं सगळ्यात सोपं, कारण तो उत्तर द्यायला येत नाही.

इथे मला माझे जुने टोपोशीट आठवतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे वर्गात फळ्यावर टांगून मी मुलांना शिकवत असे. अचूकतेच्या बाबतीत ते आजच्या फोनपुढे काहीच नव्हते, हे आधीच मान्य करतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. पेन्सिलीचं टोक जरा बोथट असलं तर वीस-पंचवीस मीटरचा फरक तिथेच झाला. पण त्या नकाशात दोन सद्गुण होते. पहिला, त्याच्या समासात सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असे. मुलांना मी पहिला प्रश्न तोच विचारायचो, "हा नकाशा कोणत्या सालचा?" कारण साल कळलं की त्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. दुसरा सद्गुण, पूल, फरशी पूल आणि नदीतला उतार यांना वेगवेगळी चिन्हं असत. पक्की सडक वेगळी, कच्ची वेगळी, बैलगाडीची वाट वेगळी. रस्ता आहे एवढंच सांगून तो नकाशा थांबत नसे, कसला आहे तेही सांगे.

आजच्या फोनच्या नकाशावर मला साल दाखवा. समोरचा पूल शेवटचा कधी तपासला, कोणी तपासला, हे कुठे लिहिलंय दाखवा. मला सापडलं नाही. द्रुतगती मार्ग आणि खेड्यातली पाणंद, दोन्हींवरून तोच आवाज त्याच थंडपणाने "चारशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणतो. वर्गात मला उत्तर येत नसेल तर मी मुलांना सांगायचो, "उद्या बघून सांगतो." त्याने माझी किंमत कमी झाली नाही. या यंत्राला "मला नक्की माहीत नाही" हे वाक्य कोणी शिकवलेलंच नाही.

भाच्याचा पुढचा मुद्दा मला आत्ताच ऐकू येतोय, "मामा, इतकं सगळं दाखवलं तर लोक गोंधळतील." का गोंधळतील? डॉक्टर रक्तदाबाचे दोन आकडे सांगतात, तेव्हा आपण गोंधळतो का? शेतकरी पावसाचा अंदाज ऐकतो तो अंदाज म्हणूनच ऐकतो. लोकांना मूर्ख समजून त्यांच्यापासून शंका लपवायची, आणि मग त्यांनी विश्वास ठेवला की "डोळे उघडे ठेवायला नकोत का?" म्हणून त्यांनाच मूर्ख ठरवायचं, हा कुठला न्याय?

घरच्या व्हॉट्सॲपवर आणखी एक मत फिरतं, की आपला स्वतःचा "नाविक" आला की हे सगळे प्रश्न सुटतील. मला नाविकचा अभिमान आहे. १ जुलै २०१३ रोजी त्याचा पहिला उपग्रह गेला तेव्हा मी घरात पेढे आणले होते. एप्रिल २०१६ मध्ये सातवा गेला आणि "नाविक" हे नाव मिळालं. पण त्याची वाटही खडतर आहे. पहिल्या उपग्रहावरची तिन्ही परदेशी अणुघड्याळं बंद पडली. मे २०२३ मध्ये स्वदेशी अणुघड्याळ घेऊन नवा उपग्रह गेला, तर जानेवारी २०२५ मधला ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. हे व्हायचंच, विज्ञान असंच पुढे जातं. मुद्दा एवढाच की नाविक उद्या कितीही अचूक झाला तरी तो "मी कुठे आहे?" याचंच उत्तर देणार. कोतूळचा पूल तेव्हाही पाण्याखालीच असेल, आणि ते सांगायला काठावर कोणीतरी लागेलच.

नागरिकांच्या हाती ही विद्या कशी आली, ते भाच्याच्या पिढीला बहुधा ठाऊक नसेल. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं ००७ क्रमांकाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि तिथल्या लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की ही लष्करी व्यवस्था पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठीही खुली राहील. पुढेही मे २००० पर्यंत नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, १०० मीटरपर्यंत फरक पडायचा. म्हणजे वाट चुकून माणसं मरू नयेत म्हणून जे आपल्याला मिळालं, त्याच्याच भरवशावर माणसं वाट चुकून मरताहेत. हे मला सहन होत नाही, म्हणून हा एवढा मोठा लेख.

नुसती तक्रार करून थांबू नये, म्हणून माझ्या मागण्या लिहितो. नकाशा बनवणाऱ्यांनी ते फिकट वर्तुळ ठळक करावं आणि शेजारी मीटरमध्ये आकडा लिहावा. फोनला तो आकडा माहीत असतो, काही ट्रेकिंगची ॲप तो दाखवतातही. कोणाला लोकेशन पाठवलं तर तो आकडा बरोबर जावा. ज्या रस्त्याची अलीकडे खातरजमा झालेली नाही तो वेगळ्या रंगात दाखवावा आणि आवाजानेही तसं सांगावं. सरकारी खात्यांनी पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येक फरशी पुलावर, अर्धवट प्रत्येक पुलावर रात्री दिसेल असा अडथळा लावावा आणि तो बंद झाल्याचं त्याच दिवशी नकाशावाल्यांना कळवायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकावी. जबाबदारी सगळ्यांची असली की कोणाचीच नसते, हे मी शाळेच्या सहलीत शिकलो.

आणि आपण? निघण्याआधी सगळा रस्ता एकदा डोळ्यांखालून घाला, नद्या कुठे ओलांडायच्या आहेत ते बघा. पावसाळ्यात आणि रात्री आडरस्त्याने पाच मिनिटं वाचवायला जाऊ नका. शेवटच्या चहाच्या टपरीवर "पुढचा पूल चालू आहे का हो?" एवढं विचारा, त्यात कमीपणा नाही. घरातून लोकेशन पाठवलंत तर खाली जुन्या पद्धतीने पत्ता आणि खूण लिहा. आमच्या फ्रिजवर आता एक कागद चिकटवलेला आहे: "नाल्याच्या अलीकडे, मारुतीच्या देवळासमोरचं निळं फाटक." फोनवर काय सांगायचं ते घरातल्या प्रत्येकाने पाठ केलं आहे, नातीनेसुद्धा.

असो. भाच्या, हे वाचून तुला राग आला असेल तर फोन कर, वाद घालू. मागच्या रविवारी तू घरी येतो म्हणालास आणि अर्धा तास मागच्या गल्लीत फिरत होतास, ते मी व्याह्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुम्हा सगळ्यांचे अनुभव जरूर लिहा. आणि आज घराबाहेर पडलात की एकदा ते फिकट वर्तुळ बघा, केवढं आहे ते.